मागच्या डाव्या चाकाचं सील

१

"सील गळलं म्हणून सीलाला शिव्या घालू नकोस, पोरी. आधी शाफ्ट बघ. सील बिचारं रबराचं. शाफ्ट वागवील तसं ते झिजतं."

उर्मिलाच्या वडिलांचं मिरजेला गॅरेज होतं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा तो खर्जातला आवाज आखातात, रास अल खैमातल्या या दुमजली इमारतीतही तिच्या कानाशी असायचा. गुरुवारी संध्याकाळी जिन्याशी खालच्या मजल्यावरचे प्रल्हाद सावर्डेकर भेटले आणि आपल्या जुन्या स्टेशनवॅगनचं रडगाणं सांगू लागले, तेव्हा हेच वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"मागच्या डाव्या चाकातून तेल गळतंय हो, ताई. त्या हारुननं नवीन सील घातलं, तर दोन आठवड्यांत पुन्हा तेच! एवढीशी रबराची कडी. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच तिचं काम. तेवढंही धड बसवता येऊ नये?"

"म्हणून गल्लीत सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारलीत?"

प्रल्हादनं मान खाली घातली. चाळीस माणसं हाताखाली वागवणारा, सिरॅमिकच्या कारखान्यातला हा सुपरवायझर. पण राग आला की त्याचा हात आधी उठायचा आणि डोकं मागाहून चालायचं. हारुनचा ओठ फाटला होता. रक्त पुसत तो म्हणाला होता, "परत आलात तर याच गाडीखाली घालून चिरडीन." अख्ख्या गॅरेजच्या गल्लीनं ते ऐकलं होतं.

"आता मीच उघडणार शनिवारी," प्रल्हाद म्हणाला. "दुपारची पाळी आहे. सकाळ मोकळी."

"मग नवं सील आदल्या रात्री वाटीत तेलात बुडवून ठेवा. आणि सीलाच्या आधी त्यातून फिरणारा शाफ्ट, चाकाचा दांडा, बघा," उर्मिला म्हणाली.

शनिवारी सकाळी ती देवापुढे बसली होती. शनिवारचा उपास, मारुतीच्या तसबिरीपुढे तिळाच्या तेलाचा दिवा, हातात जपमाळ. माळ अर्ध्यावर होती तोच मागच्या अंगणातून आरडाओरडा आला. माळ मध्येच सोडायची नसते. पण त्या ओरडण्यात काहीतरी असं होतं, की ती माळ मुठीत धरूनच खाली धावली.

स्टेशनवॅगनचा मागचा भाग जॅकवर उचललेला होता. डावं चाक बाजूला पडलं होतं. प्रल्हाद पुठ्ठ्यावर पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याची मागची बाजू राहिलीच नव्हती. चाकाचे नट खोलायचा चौफुली पाना शेजारी होता, त्याच्या एका टोकाला केस चिकटलेले. रक्त पुठ्ठ्यात मुरून काळं पडत चाललं होतं.

आणि भिंतीशी इमारतीतली, रस्त्यावरची पाचसात माणसं हारुनला तुडवत होती. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. कुणाची तरी लाथ त्याच्या बरगडीत बसली आणि काटकी मोडावी तसा आवाज आला.

"यानंच मारलं! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, हा भाऊजींवर वाकला होता!" प्रल्हादचा मेव्हणा विलास ओरडत होता. मग त्यानं स्वतःला प्रेतावर झोकून दिलं.

हारुन ओरडत नव्हता. फुटलेल्या तोंडानं तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता. "श्वास चालू होता. ताई, त्यांचा श्वास चालू होता."

२

उर्मिला पोलीस ठाण्याशेजारच्या टायपिंग सेंटरमध्ये काम करायची. अर्ज, करार, भाषांतरं. एखाद्या हिंदुस्थानी बाईची जबानी घ्यायची वेळ आली की ठाण्यातून तिलाच बोलावणं यायचं. त्यामुळे मुलाझिम हमद, म्हणजे तिथला तरुण लेफ्टनंट, तिच्या ओळखीचा होता. मुंबईच्या पिक्चरांनी शिकवलेली त्याची हिंदी ऐटबाज होती.

"उर्मिला मॅडम, केस खलास," तो अंगणातच म्हणाला. "झगडा हुआ, धमकी दिया, हाथ पे खून. और क्या चाहिए? बस, बीवी का बयान लिख के दो."

या मुलखात खुनाला काय शिक्षा आहे, ते उर्मिलाला टाईप करून करून पाठ होतं. खेडजवळच्या कुठल्याशा वाडीतून आलेला तो पोरगेला मेकॅनिक आता त्या शिक्षेच्या रांगेत उभा होता.

स्मिता, प्रल्हादची बायको, पलंगाच्या कडेला बसली होती. रडून संपली होती. समोर खुर्चीत विलास, तिचा धाकटा भाऊ. चोवीस-पंचवीसचा, दुबईत ऊद मेथाच्या शाळेत शिकलेला, इथे फ्री झोनमधल्या ऑफिसात नोकरीला आणि बहिणीकडे राहायला. त्याच्या सदऱ्यावर भाऊजींचं रक्त वाळलं होतं.

"मी किचनमध्ये होते, ताई," स्मिता म्हणाली. "कुकरच्या शिट्ट्या, वर एसी. काहीच ऐकू आलं नाही हो मला. इतक्या जवळ..."

"तू, विलास?"

"भाऊजींनी मला शॉपवर पाठवलं होतं. सील टाकल्यावर गिअर ऑइल भरायला लागतं ना, ते संपलं होतं. म्हणाले, यल्ला, पळत जा आणि कॅन घेऊन ये. मी आणला. परत येतो तर..." त्यानं दाराकडे बोट दाखवलं. तेलाचा नवाकोरा कॅन तिथे होता. "पाच मिनिटं आधी आलो असतो तर वाचवलं असतं मी त्यांना! फाशी द्या त्या साल्याला!"

हमदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

जबानी झाली. पोलीस बाहेर पडले. माणूस पडला त्या जागी दिवा लावायचा, म्हणून उर्मिलानं पणती मागितली. स्मिता यंत्रासारखी उठली, कपाटातून पणती काढली, तेलाची बरणी तिरकी केली. बरणी कोरडी.

"काल रात्रीच संपलं. सकाळी उपमासुद्धा तुपावर केला."

"जीजी, मी आणतो ना. कोपऱ्यावर तर आहे ग्रोसरी," विलास उठला.

"नको!" स्मिता एकदम म्हणाली. मग हळू आवाजात, "आज विकत नको आणूस. शनिवार आहे. त्यांना चालायचं नाही."

"ओ गॉड, जीजी! माणूस गेला आणि तू..."

"माझ्याकडे आहे घरात," म्हणत उर्मिला वर आली. मारुतीपुढच्या बाटलीतलं तेल तिनं वाटीत ओतलं. आणि ओतता ओतता तिचा हात थांबला. काहीतरी खटकलं होतं. वाटी भरून ओघळ बोटांवर आला, तरी नेमकं काय ते तिला धरता येईना.

३

तळमजल्यावर सावर्डेकरांच्या समोर पॅट्रिक राहायचा. मूळचा वसईचा, समुद्राकाठच्या हॉटेलात बारवर कामाला. त्याच्यात आणि प्रल्हादमध्ये अंगणावरून दोन वर्षं वैर होतं. प्रल्हादच्या गाडीचं तेल पॅट्रिकच्या जागेत ओघळायचं, मालक दोघांनाही बोलायचा. एकदा तर पॅट्रिकनं संतापून स्टेशनवॅगनच्या काचेवर कुंडी फेकली होती.

उर्मिलानं दार वाजवलं तेव्हा तो लाल डोळ्यांनी बाहेर आला.

"या, ताई, या. विचारा. तुम्ही काय विचारणार ते ठाऊक आहे मला. माझं आणि त्याचं भांडण होतं. होतं ना! मेला म्हणून मी नाही म्हणू काय? आदल्या दिवशी पण शिव्या दिल्या होत्या त्याला. तो पण काय कमी? माझ्या आयशीपर्यंत गेला."

"सकाळी कुठे होतात?"

"झोपलेलो. ड्यूटीवरून आलो की मी मेल्यातच जमा. माझ्या बायकोला, जोसेफिनला विचारा, मी घोरतो तेव्हा ती उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जाते." मग त्याचा आवाज उतरला. "त्याचं डोकं बघितलं मी, ताई. बारमध्ये मारामाऱ्या बघतो मी. एका फटक्यानं असं होत नाही. कोणीतरी मारतच राहिलेला, माणूस पडल्यावर सुद्धा. काचेवर कुंडी फेकणं वेगळं आणि हे वेगळं."

"हारुन असं मारील?"

पॅट्रिकनं खांदे उडवले. "काय सांगू? पण खरं सांगायचं तर त्या घरात एकच माणूस सरळ होता, तो पोरगा विलास. माझ्या बोंबलण्याचा त्याच्यावरच काय तो परिणाम. मध्ये एकदा मी कामावरून लवकर आलो, तर हा पठ्ठ्या नळी लावून मागचं चाक धुतोय! घासून घासून. मी म्हटलं, शाब्बास, तुझ्या भाऊजीला दाखव जरा. तर मला म्हणतो, अंकल, भाऊजींना सांगू नका, त्यांना राग येईल."

"केव्हा हे?"

"तो आपला किसन गेला ना, सायकलवाला, त्याच सुमाराला."

किसन. प्रल्हादच्याच पाळीवरचा कामगार. दीड महिन्यापूर्वी कारखान्याच्या रस्त्यावर सायकलसकट फुटपाथच्या कडेला चिरडलेला सापडला होता. कंबरेखालचा भाग ओळखू येत नव्हता म्हणे. गाडीवाला पळाला, तो पळालाच. प्रल्हादनंच वर्गणी काढून त्याची शवपेटी गावी, वर्ध्याला धाडली होती.

"त्यानंतर तर प्रल्हाद माझ्यावरच उखडला," पॅट्रिक पुढे म्हणाला. "त्या चाकाची कॅप गेली ना, तर म्हणे पॅट्रिकनंच काढून फेकली. चाळीस दिरहॅम गेले म्हणून केवढा तमाशा! एका झाकणापायी! मी कशाला काढू हो?"

उर्मिला अंगणातून परत निघाली. पायरीवर मिहिका बसली होती, प्रल्हादची अकरा वर्षांची पोर. पणतीकडे एकटक बघत.

उर्मिला तिच्याशेजारी टेकली.

"बाळ, बाबांची गाडी आणखी कुणी चालवायचं का गं?"

"नो, आंटी. ओन्ली बाबा."

"मामा?"

मिहिकानं ओठ दुमडले. विलास लायसन्सच्या परीक्षेत सारखा नापास होत होता. त्यावरून घरात त्याची किती थट्टा चालायची ते सगळ्या इमारतीला माहीत होतं.

"इट्स अ सीक्रेट," मिहिका पुटपुटली. "बाबांची नाइट शिफ्ट असली की ते कंपनीच्या बसनं जायचे. देन मामा टुक मी फॉर आइस्क्रीम. ही ड्राइव्हज सो फास्ट, आंटी. आय प्रॉमिस्ड आय वोन्ट टेल."

दारात कुणीतरी हललं. उर्मिलानं मान वळवली. विलास उभा होता, आंघोळ करून, स्वच्छ सदऱ्यात, आणि भाचीकडे बघत होता.

"मिहिका," तो गोड आवाजात म्हणाला, "कम इनसाइड."

४

"नाही," उर्मिला म्हणाली. "आज ती माझ्याकडे झोपेल. स्मितालाही घेऊन जाते वर."

रात्रभर तिनं दाराला आतून खुर्ची लावून ठेवली. सकाळी मायलेकींना वर ठेवून, दार आतून लावायला बजावून ती ठाण्यावर गेली. हारुनची जबानी टाईप करायची होती.

हारुनचा एक डोळा मिटून गेला होता. बरगड्यांना पट्टा. प्रत्येक शब्दाला तो श्वास शोधत होता.

"काल सकाळी गॅरेजात फोन आला, ताई. प्रल्हादभाईंचा. मी आधी ठेवणारच होतो. तर म्हणाले, हारुन, ठेवू नको. सील काढलंय मी. तुझं बरोबर होतं रे, माझं चुकलं. तू ये, तुला दाखवतो. मग आपण दोघं गल्लीत जाऊ. जिथे तुला मारलं तिथेच उभा राहून सगळ्यांना सांगतो की पोराचा हात साफ आहे. वचन देतो."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. हसले. कोण सुपरवायझर मेकॅनिकची माफी मागायला जातो, म्हणाले." त्यानं उरल्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. "मी गेलो तर ते पडलेले. उचलून मांडीवर घेतलं. घशात रक्त घरघरत होतं. तेवढ्यात विलासभाई आले आणि ओरडायला लागले. ताई, अम्मीला नका कळवू. आत्ताच नका कळवू."

बाहेर येऊन उर्मिलानं हमदला विचारलं, "प्रल्हादच्या हातात काही होतं?"

"था ना. यही तो झगड़े की जड़ है." त्यानं खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत रबराची काळी कडी. "मुठ्ठी में पकड़ा था. छोड़ा नहीं."

"हात लावू?"

हमदनं भुवया उंचावल्या, पण पिशवी पुढे केली. उर्मिलानं पिशवीवरूनच अंगठा कडीच्या आतल्या ओठावरून फिरवला. एका बाजूला ओठ कोरा, धारदार. परवा खोक्यातून काढल्यासारखा. अंगठा पुढे सरकला आणि दुसऱ्या बाजूला ओठ जवळजवळ नाहीसाच झालेला.

तिनं डोळे मिटले.

"सर," ती नेहमीच्या मऊ आवाजात हिंदीत बोलू लागली. "मेकॅनिक सील उलटं किंवा वाकडं बसवतो तेव्हा ते दुमडतं, कापलं जातं. हे नीट बसलं होतं. ते एकाच बाजूनं खाल्लं गेलंय, म्हणजे शाफ्ट सीलाच्या मध्यातून फिरत नव्हता. त्या चाकाला बाहेरून इतका जबर दणका बसलाय, की आतली घडणच वाकली. कितीही नवी सीलं घाला, गळतच राहणार. प्रल्हादभाऊंनी शाफ्ट बघितला आणि त्यांना हे कळलं. म्हणून त्यांनी हारुनला बोलावलं. हारुनशी त्यांचं भांडण मिटलं होतं. आणि दुसऱ्या कुणाशी तरी त्याच क्षणी सुरू झालं होतं."

"किस से?"

"त्यांच्या नकळत ज्यानं गाडी फुटपाथवर घातली, त्याच्याशी. किसनचा अपघात आठवतो तुम्हाला? किसन फुटपाथच्या कडेला चिरडला होता. गाडी आडवी घसरली, मागचं डावं चाक कडेवर आदळलं, आणि मध्ये किसन होता. त्याच सुमाराला विलास ते चाक धूत होता. त्याच सुमाराला चाकाची कॅप हरवली."

हमदची खुर्ची करकरली. "कॅप," तो सावकाश म्हणाला. "उस एक्सिडेंट का एक टूटा हुआ कॅप हमारे स्टोर में पड़ा है." मग त्यानं मान हलवली. "लेकिन वो लड़का तो दुकान गया था. दुकानवाले ने देखा उसको. साले ने भेजा... नहीं, जीजा ने भेजा था, तेल लाने."

आणि काल वाटी भरताना काय खटकलं होतं ते उर्मिलाला आता उमगलं.

"प्रल्हादभाऊंनी पाठवलंच नाही त्याला," ती म्हणाली. "शनिवारी आमच्यात तेल विकत घेत नाहीत, सर. तेल नाही, लोखंड नाही. शनीचा वार. प्रल्हादभाऊ कडक होते त्या बाबतीत. त्यांच्यासाठी दिवा लावायला घरात थेंबभर तेल नव्हतं, तरी त्यांच्या बायकोनं विकत आणू दिलं नाही. तो माणूस शनिवारी सकाळी गाडीसाठी तेलाचा कॅन आणायला सांगेल? विलास त्याच घरात राहतो, पण असल्या गोष्टींना तो हसतो. हसणाऱ्याच्या लक्षात त्या राहत नाहीत. मारून झाल्यावर कुठेतरी दिसायला हवं होतं, म्हणून तो दुकानात गेला आणि कारण मात्र नेमकं चुकीचं निवडलं."

हमदनं पिशवी खणात परत ठेवली. मग म्हणाला, "मैं मानता हूँ. जज नहीं मानेगा. मुझे चीज़ दो, मॅडम. हाथ में पकड़ने की चीज़."

"मग घरात तेल आधीपासूनच असणार. त्यांनी आधीच आणून ठेवलेलं. शोधते."

"अकेले मत जाना. नमाज़ के बाद मैं आता हूँ."

पण खाली पणतीत तेल घालायची वेळ झाली होती, आणि पणती विझू द्यायची नसते.

५

स्मिताचं घर उघडंच होतं. आत सामसूम. उर्मिलानं स्वयंपाकघर पाहिलं, मग बाथरूमशेजारची अडगळीची खोली. इस्त्रीच्या टेबलामागे, जुन्या चादरीखाली, गिअर ऑइलचा कॅन. झाकण उघडलेलं, थोडंसंच तेल कमी झालेलं. शेजारी स्टीलची वाटी. वाटीत तेल, आणि तेलात बुडालेलं नवं सील. तिनं जिन्याशी सांगितलं होतं, अगदी तसं.

"काय शोधताय, ताई?"

विलासनं दार लावून घेतलं.

उर्मिला सरळ उभी राहिली. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. "घरात तेल होतं, विलास."

"सो व्हॉट? विसरले असतील भाऊजी."

"आदल्या रात्री स्वतः भिजत घातलेलं विसरले?"

त्याचा चेहरा एकाएकी शाळकरी पोरासारखा वेडावाकडा झाला. "मी मुद्दाम नाही मारलं त्या किसनला! तो मध्येच आला. गाडी स्किड झाली. खाली उतरलो तर तो... तो पाणी मागत होता, ताई. त्याचे पाय चाकाखाली होते आणि तो मला साब म्हणून पाणी मागत होता. गाडी पुढे घेतली तेव्हा जे आवाज आले..." त्यानं कानांवर हात ठेवले. "माझ्याकडे लायसन्स नाही. माझं लाइफ खलास झालं असतं!"

"आणि प्रल्हादभाऊ?"

"वाकलेला शाफ्ट दाखवून त्यांनी विचारलं, मला लपवता नाही आलं. ते म्हणाले, कपडे घाल, आपण दोघं ठाण्यावर जाऊ. मी पाया पडलो. ते म्हणाले, किसनची पेटी मी उचललीय, तुला सोडणार नाही. आणि पाठ करून पुन्हा सील बघायला बसले. पाठ करून! जसा मी कोणी नाहीच! पहिला फटका कसा बसला मला कळलंच नाही. मग ते वळून बघतील म्हणून मी मारत राहिलो."

"विलास, तिकडे एक निरपराध पोरगा—"

वाक्य पुरं झालं नाही. त्यानं तिच्या पदराचा पीळ करून गळ्याभोवती आवळला आणि तिला टेबलावर आपटलं. वाटी उडाली, तेल सगळीकडे. तिचं कपाळ कडेवर फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. ती नखांनी त्याची मनगटं ओरबाडत होती. कातडी तिच्या नखांत येत होती, पण पीळ सुटत नव्हता. जग लाल झालं, मग कडेनं काळं होत आलं. तोंडात नाम होतं, आवाज नव्हता. तिनं उरलेल्या जोरानं टाच मागे मारली. इस्त्री धाडकन दारावर जाऊन आदळली.

"कोण रे तो? झोपू देणार की नाही?" समोरच्या दारातून पॅट्रिकचा आवाज आला. आणि लगेच, वेगळ्याच स्वरात, "ताई?"

दार दुसऱ्या धक्क्याला उघडलं. पॅट्रिकच्या हातात मुलाची हॉकी स्टिक होती. त्यानं काही विचारलं नाही. पहिला फटका विलासच्या मनगटावर बसला. हाड कातडीतून वर आलं. दुसरा गुडघ्यावर. विलास तेलात घसरून पडला आणि किंचाळत राहिला.

पॅट्रिकनं स्टिक तिसऱ्यांदा उचलली, डोक्यावर.

"नको," उर्मिला म्हणाली. आवाज निघालाच नाही, फक्त ओठ हलले. पण ती त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसली. पॅट्रिकनं स्टिक खाली टाकली.

नमाजाहून आलेल्या हमदला ती तिघं तशीच सापडली.

६

कॅप चाकाच्या जागेवर चपखल बसली. तेलाच्या दुकानामागच्या कचऱ्याच्या पेटीत विलासचा खुनाच्या वेळचा, रक्तानं माखलेला सदरा मिळाला. इस्पितळात हात प्लास्टरमध्ये असतानाच त्यानं सगळं कबूल केलं. आठवडा संपायच्या आत हारुन सुटला.

सुटला, पण सुटून गेला कुठे? गॅरेजच्या मालकानं दारातूनच परत पाठवला. गल्लीतले म्हणाले, आगीशिवाय धूर निघतो काय? कुणी म्हणालं, सील तरी त्यानंच बिघडवलं होतं ना, तिथूनच सगळं सुरू झालं. गल्लीनं थप्पड पाहिली होती, धमकी ऐकली होती, रक्तानं भरलेले हात पाहिले होते. ठाण्यातला कागद काही गल्लीनं वाचला नव्हता. मालकानं व्हिसा रद्द करायला घातला, म्हणजे खेडला परत. आणि वाडीतही हीच गोष्ट त्याच्या आधी पोचणार.

उर्मिलानं हे स्मिताला सांगितलं, घोगऱ्या, तुटक्या आवाजात. गळ्यावरचे वळ अजून निळे होते. स्मिता प्रल्हादच्या फोटोसमोर बसली होती. देह अजून ताब्यात मिळायचा होता, कागद चालले होते. नवरा शवागारात, भाऊ तुरुंगात. ती कुणासाठी रडत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"फोनवर काय म्हणाले होते ते? पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"जिथे मारलं तिथेच उभा राहून सगळ्यांना सांगतो, म्हणाले. वचन दिलं होतं त्याला."

स्मितानं मान हलवली. भेटायला आलेल्या मराठी मंडळाच्या दोघी-तिघी बायका कुजबुजत होत्या. ती उठली, न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, केस बांधले, साधी सुती साडी नीट केली.

"अगं, कुठे निघालीस?" एक बाई म्हणाली. "सुतक आहे, स्मिता. तेरावं होईपर्यंत उंबरा ओलांडू नये. आणि गॅरेजच्या गल्लीत, तिथे सगळे पुरुष..."

"हारुनला निरोप द्या, उर्मिलाताई," स्मिता तिच्याकडे न बघता म्हणाली. "म्हणावं, गल्लीच्या तोंडाशी थांब. आत एकटा जाऊ नकोस."

"दिलाय, तुम्ही उठलात तेव्हाच," पॅट्रिक दारातून म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कुणाला कळलं नव्हतं. "आलाय तो. थांबलाय. गाडी काढू?"

"नको. चालत जाईन."

मिहिकानं न सांगता तिच्या चपला पुढे सरकवल्या. स्मितानं त्या पायात घातल्या, पोरीचा हात धरला आणि उंबरा ओलांडला. बाहेर दुपारचं ऊन कलंडत होतं आणि गॅरेजच्या गल्लीतून हातोड्यांचे आवाज येत होते. ती त्या आवाजांच्या दिशेनं चालू लागली.